एकविसावं वर्ष

अमेरिकेत गेलेल्या भावाने बहिणीसाठी अर्ज करायचा आणि बहिणीने नवरा-मुलांसह तिकडे जायचं, ही वाट आपल्याला 1965 च्या कायद्याने मोकळी झाली. त्याआधी, 1946 पासून, भारताच्या वाट्याला वर्षाला फक्त 100 जागा होत्या. नव्या कायद्याने एका देशाला दरसाल 20,000 पर्यंत जागा दिल्या आणि त्यातला मोठा भाग नातलगांसाठी राखला. त्याचं कारण आपल्याला सुखावणारं नाही. स्थलांतराच्या उपसमितीचे अध्यक्ष, ओहायोचे मायकेल फीगन, यांनी शिक्षण आणि कौशल्यापेक्षा नात्याला पुढे ठेवायचा आग्रह धरला. तिथे आधीच असलेल्या युरोपीय लोकांचेच नातेवाईक येतील आणि देशाचा चेहरा बदलणार नाही, असा तो हिशेब होता. भावंडांच्या गटाला सर्वांत मोठा वाटा मिळाला, 24 टक्के. प्रत्यक्षात युरोपातली भावंडं फारशी आली नाहीत. फिलिपिन्स, कोरिया, चीन आणि भारतातली गेली.

माझा दादा त्याच लाटेतला. व्हीजेटीआयमधून इंजिनियर होऊन 1970 साली शिकागोला गेला, पुढे नागरिक झाला, आणि 1992 मध्ये त्याने माझ्यासाठी पिटिशन भरलं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, मुलगा पाच. अर्जात दोघांचीही नावं होती. पिटिशन चारेक महिन्यांत मंजूर होऊन आलं तेव्हा दादरला आम्ही पेढे वाटले.

मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे, हे मागाहून कळत गेलं. 1990 च्या कायद्याने साऱ्या जगातल्या भावंडांसाठी मिळून वर्षाला 65,000 जागा ठरवल्या होत्या. त्यात बहिणीचा नवरा आणि मुलंही मोजायची, शिवाय एका देशाला सात टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. अर्ज दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट. तिथवर रांग सरकली की नंबर लागला. तोवर मुलं वाढायची थांबत नाहीत. 1952 च्या कायद्यातली व्याख्या अजून चालू आहे: मूल म्हणजे 21 पूर्ण न झालेलं आणि लग्न न झालेलं. अमेरिकेत मतदानाचं वय 1971 मध्ये 18 वर आलं, आपल्याकडे 1989 मध्ये, पण स्थलांतराच्या कायद्यातला 21 चा आकडा हलला नाही.

2002 पर्यंत नियम आणखी कठोर होता. वय मोजायचं ते अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल ठेवण्याच्या दिवशी. व्हिसा हातात असूनही एकविसाव्या वाढदिवसाआधी विमान गाठलं नाही तर तो फुकट. ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये, म्हणजे वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात, 1957 पासून अमेरिकेची कॉन्सुलेट होती. पहाटेपासून भुलाभाई देसाई रोडवर रांग लागायची. तिथे तास न् तास उभं राहिलेल्या माणसांना ही धास्ती ठाऊक आहे. (2011 पासून कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.)

6 ऑगस्ट 2002 ला नवा कायदा आला, मुलांच्या वयाला संरक्षण देणारा. हेतू चांगला होता. सरकारी दिरंगाईची शिक्षा मुलांना होऊ नये, म्हणून नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून पिटिशन मंजुरीविना जितके दिवस पडून होतं तेवढे दिवस वजा करायचे. 11 सप्टेंबर 2001 पर्यंत अर्ज केलेल्यांना त्या हल्ल्यानंतरच्या कायद्याने आणखी 45 दिवसांची सवलत होती. पण रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. म्हणजे ज्यांचं पिटिशन एखाद्या कार्यालयात पाच-सहा वर्षं धूळ खात पडलं, त्यांची मुलं वाचली. आमच्यासारखी ज्यांची मंजुरी लगेच आली, त्यांची गेली. ज्या मंजुरीचे पेढे वाटले, तिनेच माझ्या मुलीची जागा घेतली.

2005 साली आमचा नंबर लागला. मुलगी आदल्या वर्षीच 21 ची झाली होती. चार महिने वजा केले, पंचेचाळीस दिवस वजा केले, तरी आकडा 21 च्या खाली येईना. मुलगा 17 चा होता, त्याला मिळालं. मुख्य अर्जदार मी, त्यामुळे मी गेले नाही तर मुलालाही जाता येणार नव्हतं. आम्ही तिघं गेलो. लेक माझ्या धाकट्या बहिणीकडे, पार्ल्याला राहिली.

मग ग्रीन कार्डधारक आईच्या नात्याने तिच्यासाठी नवा अर्ज केला. निदान 1992 ची जुनी तारीख तरी तिला मिळावी, ही आमची आशा होती, कारण कायद्यातल्या एका वाक्याचा अर्थ तसा निघू शकत होता. त्याच वाक्यावरून वाद पेटला. 2009 मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने एका चिनी कुटुंबाच्या प्रकरणात ते नाकारलं; तोही बहिणीने भावासाठी 1992 सालीच केलेला अर्ज होता. जून 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा मतांनी मंडळाचा अर्थ कायम ठेवला. न्यायमूर्ती केगन यांचं म्हणणं असं की वाक्य दोन दिशांना ओढतं, तेव्हा मंडळाचा अर्थ मानावा. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी विरोधात लिहिलं की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत आणि संरक्षण सगळ्याच गटांतल्या मुलांना आहे. मी दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या मते सोतोमायोर बरोबर होत्या, आणि मी आई आहे म्हणून हे म्हणत नाही. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहिलेल्या मुलाला पुन्हा शेपटाला पाठवण्यात न्याय नाही.

आमच्यापुरता तो निकाल उशिराच आला. लेकीचा नवा अर्ज ज्या गटात होता, त्यात मुलांना अविवाहित राहावं लागतं. लग्न झालं की अर्ज रद्द. रांग नऊ-दहा वर्षांची. चांगलं स्थळ आलं तेव्हा लेकीने मला फोनवर विचारलं, आणि मी तिला कर म्हटलं. 2008 मध्ये लग्न झालं, अर्ज संपला.

नागरिक झाल्यावर 2013 मध्ये मी विवाहित मुलीसाठी तिसऱ्यांदा कागद भरले. 2025 मध्ये त्या गटात 2011 चे अर्ज घेतले जात होते. त्या अर्जात आता माझा नातूही आहे, 2010 चा जन्म, मिसरूड फुटू लागलेला. त्याचं वय मी आजही मोजते.

ज्यांच्या घरी असं पिटिशन आहे, त्यांनी आजच दोन कागद काढून बघावेत: अर्ज दाखल झाल्याची पावती आणि मंजुरीचं पत्र. दोन्हींवरच्या तारखांमधलं अंतरच तुमच्या मुलाच्या वयातून वजा होईल, दुसरं काही नाही. नंबर लागला की एका वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचलावं लागतं, नाहीतर तेही संरक्षण हातचं जातं. आणि मुलं पंधरा-सोळाची झाली की त्यांना समोर बसवून हा हिशेब नीट सांगा. माझ्या लेकीला तो एकविसाव्या वर्षानंतर कळला.