संत्र्याचं सूक्ष्म कलम आणि दिव्याचा रंग

शेंदूरजनाघाटच्या आमच्या घराचं पोट संत्र्याच्या पन्हेरीवर चालायचं. वडील जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधत. डोळ्यासोबत मातृवृक्षाचा रोगही नव्या रोपात उतरतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून नागपुरात आणलं असं सांगतात ते हे फळ कलमांनी विदर्भभर पसरलं. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग या रोगांनाही तीच वाट मिळाली.

त्यावरचा उपाय म्हणजे सूक्ष्म कलम. तो 1972 मध्ये कॅलिफोर्नियात तोशिओ मुराशिगे यांच्या गटाने दाखवला. त्या गटात टी. एस. रंगन हे भारतीय शास्त्रज्ञही होते, याचा मला फार अभिमान वाटतो. नागपूरला 1985 मध्ये राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र सुरू झालं आणि पुढे ही पद्धत तिथे नागपुरी संत्र्यासाठी वापरात आली.

यात सुरुवात अंधारापासून होते. खुंटाचं बी काचनळीत सुमारे दोन आठवडे अंधारात रुजवतात. उजेड न मिळाल्याने रोप पांढरट, लांब आणि कोवळं राहतं. त्याचा शेंडा छाटून खोडावर बारीक काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिथे संत्र्याच्या अंकुराचं 0.1 ते 0.2 मिलिमीटरचं टोक बसवतात. इतक्या टोकापर्यंत रोग बहुधा पोचलेला नसतो. मग नळी रोज 16 तास उजेडात.

पण कोणत्या उजेडात? टिश्यू कल्चरच्या खोल्यांत वर्षानुवर्षं पांढऱ्या ट्यूबलाइटच होत्या, आणि रंगाचा विचार क्वचितच व्हायचा. खरं तर 1952 मध्येच अमेरिकेत बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं होतं की लाल उजेडात बी रुजतं, अतिलाल उजेडात थांबतं आणि शेवटचा झोत ज्या रंगाचा, त्याचंच बी ऐकतं. निळ्याचं काम निराळं: त्याने खोड आखूड आणि दणकट होतं. नुसत्या लाल उजेडात बरीच रोपं उंच पण लेचीपेची वाढतात. अशी रोपं नळीतून मातीत गेली की तग धरणं अवघड. लाल-निळ्याचं नेमकं प्रमाण मात्र प्रत्येक जातीला वेगळं लागतं.

1990 च्या दशकात झगझगीत निळा एलईडी आला आणि हे प्रमाण हवं तसं ठरवता येऊ लागलं. त्या शोधाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं. आज ट्यूब काढून एलईडी लावणाऱ्या प्रयोगशाळांना माझी विनंती आहे: नुसतं वीजबिल पाहू नका. कोणत्या रंगाखाली कलम किती जगलं, याची नोंद ठेवा आणि ती पन्हेरीवाल्यांपर्यंत पोचवा.