वहिवाटदार आणि मालक : मेट्रोमीडियाच्या विभागणीचा इतिहास

इ. स. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील सात मोठ्या शहरांमधील दूरचित्रवाणी केंद्रे एकदम विकली जात असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्क, लॉस अँजेलिस, शिकागो, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, डल्लास आणि बोस्टन ही ती सात शहरे. सातही केंद्रे मेट्रोमीडिया नावाच्या एकाच कंपनीच्या ताब्यात होती व त्यांची एकत्रित किंमत सुमारे २०० कोटी डॉलर ठरली होती. एवढ्या रकमेच्या मोबदल्यात घेणाऱ्यास काय मिळणार होते? इमारती, मनोरे, कॅमेरे, जुन्या चित्रपटांचे हक्क, अनुभवी नोकरवर्ग आणि वर्षानुवर्षे जमविलेला नावलौकिक, हे तर मिळणारच होते. परंतु किमतीचा मोठा हिस्सा होता तो एका कागदाचा. अमुक शहरात अमुक लहरीवर प्रक्षेपण करण्याच्या सरकारी परवान्याचा. आणि कायद्याची अक्षरे वाचू गेल्यास नेमकी तीच वस्तू विकणाऱ्याच्या मालकीची नव्हती.

हा विरोध कसा उत्पन्न झाला आणि शे-दोनशे कोटींच्या व्यवहारात तो कोणाला कसा खटकला नाही, याचा इतिहास वकिलांनीच नव्हे तर प्रत्येक विचारी नागरिकाने पाहण्याजोगा आहे.

अमेरिकेचा १९३४ चा दळणवळण कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. परवान्याने लहरीचा उपयोग करण्याची मुभा मिळते, लहरीवर मालकी मिळत नाही. परवान्याच्या अटी आणि मुदत यांपलीकडे कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर परवाना मागणाऱ्याने लहरीवरील आपला पूर्वीचा कोणताही दावा लेखी सोडून दिल्याखेरीज परवाना देऊ नये, असेही एक कलम आहे. आपल्याकडील महसुली भाषेत बोलावयाचे तर परवानाधारक हा वहिवाटदार, मालक जनता, आणि जनतेच्या वतीने देखरेख करणारा कारभारी म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा आयोग. वहिवाट दुसऱ्याच्या नावे करावयाची झाल्यास आयोगाची संमती हवी, व ती सार्वजनिक हित पाहूनच द्यावयाची, अशी ही व्यवस्था होती.

पण वहिवाट पैसे घेऊन सोडावयाची असेल, तर ती कोणास मिळावी हे कोणी ठरवावे? हा प्रश्न १९४५ साली ऐरणीवर आला. सिनसिनाटी येथील क्रॉस्ली कंपनीने आपल्या कारखान्यांसोबत आपले बलाढ्य नभोवाणी केंद्रही अव्हिएशन कॉर्पोरेशन या कंपनीस विकले. आयोगाने काठावरच्या बहुमताने संमती दिली. तथापि त्यानंतर एक नवा नियम केला. विक्रीची जाहिरात द्यावी, त्याच किमतीस घेऊ इच्छिणाऱ्या इतरांनीही अर्ज करावेत आणि त्यांतून लोकहिताच्या दृष्टीने जो योग्य ठरेल त्याला आयोगाने परवाना द्यावा, असा त्याचा आशय होता. हा नियम चारच वर्षे टिकला. १९४९ साली आयोगाने तो स्वतःच मागे घेतला आणि १९५२ साली काँग्रेसने कायदाच दुरुस्त करून टाकला. हस्तांतराचा अर्ज आला असता, विकत घेणाऱ्याहून दुसरा कोणी अधिक योग्य आहे काय, याचा विचार करण्यास त्या दुरुस्तीने आयोगाला मनाई केली. म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याने नवा वहिवाटदार नालायक नाही एवढेच पाहावे. तो सर्वांत लायक आहे किंवा कसे हे विचारू नये. वारस नेमण्याचा अधिकार अशा रीतीने व्यवहारतः विकणाऱ्याच्या हाती गेला. पुढील सर्व गोष्टींचे बीज माझ्या मते या एका दुरुस्तीत आहे.

आता मेट्रोमीडियाच्या जन्माकडे वळू. अ‍ॅलन ड्यूमाँट या न्यू जर्सीतील संशोधक-कारखानदाराने १९४६ पासून दहा वर्षे एक दूरचित्रवाणी जाळे चालविले. शहरोशहरी चांगल्या वाहिन्या थोड्या आणि प्रतिस्पर्धी प्रबळ, अशा स्थितीत ते तगले नाही. पिट्सबर्गचे किफायतशीर केंद्र सुमारे ९७ लाख ५० हजार डॉलरांस विकून काही काळ निभाव लागला. पण १९५६ साली जाळे बंद पडले. उरली ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची दोन केंद्रे. न्यूयॉर्कच्या केंद्राच्या नावात ड्यूमाँट यांची आद्याक्षरे होती, ती काही काळाने गळली. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीटीजी या नावात मात्र त्यांचे सहकारी अभियंते टॉमस गोल्डस्मिथ यांची आद्याक्षरे आजतागायत राहिली आहेत. १९५९ साली पॅरामाउंट कंपनीचा या केंद्रांतील हिस्सा सुमारे ४० लाख डॉलरांना जॉन क्लुगी यांनी घेतला. जर्मनीतील केम्निट्झ येथे जन्मलेले, बालपणीच अमेरिकेत आलेले आणि खाद्यपदार्थांच्या दलालीत हात बसलेले हे गृहस्थ. १९६१ साली कंपनीचे नाव मेट्रोमीडिया झाले. मोठ्या जाळ्यांशी फारसा संबंध न ठेवता जुने चित्रपट, मुलांचे कार्यक्रम आणि स्थानिक बातम्या यांवर तिची बहुतेक केंद्रे चालत. न्यूयॉर्कमध्ये १९६७ पासून रात्री दहाच्या बातम्या सुरू झाल्या. त्यापूर्वी, आपली मुले कोठे आहेत हे ठाऊक आहे ना, असा प्रश्न पालकांना विचारण्यात येई. त्या शहरातील एका पिढीच्या स्मरणात तो प्रश्न घर करून आहे.

या मालिकेतील बोस्टनचे केंद्र मात्र निराळ्या वाटेने आले, आणि त्या वाटेवरच सगळा प्रश्न उभा आहे. बोस्टनची पाचवी वाहिनी १९५७ पासून तेथील हेरल्ड-ट्रॅव्हलर या वर्तमानपत्राच्या कंपनीकडे होती. परवान्याचा अर्ज विचाराधीन असताना कंपनीच्या प्रमुखाने आयोगाच्या अध्यक्षांसमवेत खाजगीरीत्या भोजन घेतल्याचे उघडकीस आले व प्रकरण न्यायालयात गेले. १९६२ साली आयोगाने केवळ चार महिन्यांचा परवाना दिला आणि इतर इच्छुकांनाही अर्ज करण्यास वाव ठेवला. त्यांत बोस्टन ब्रॉडकास्टर्स ही स्थानिक मंडळी होती. ध्वनिशास्त्रज्ञ लिओ बेरानेक हे तिचे अध्यक्ष, आणि इतिहासकार ऑस्कर हँडलिन यांच्यासारखे विद्वान तिच्यात सहभागी होते. आपण स्वतः केंद्र चालवू आणि शहराच्या जीवनाशी निगडित कार्यक्रम भरपूर देऊ, असे त्यांचे आश्वासन होते. १९६९ च्या जानेवारीत आयोगाने वाहिनी त्यांना दिली. वर्तमानपत्र व दूरचित्रवाणी एका हाती असू नयेत आणि जो मालक त्याने जातीने कारभार पाहावा, ही दोन तत्त्वे त्या निर्णयाच्या मुळाशी होती. अपिले संपून १९ मार्च १९७२ रोजी डब्ल्यूसीव्हीबी हे नवे केंद्र सुरू झाले. उत्पन्नाचा आधार तुटलेले वर्तमानपत्र तीनच महिन्यांत हर्स्ट कंपनीच्या पदरात पडले.

नव्या मंडळींनी आपला शब्द बव्हंशी पाळला. सकाळच्या गप्पांपासून स्थानिक नाटिकांपर्यंत पुष्कळ कार्यक्रम त्यांनी बोस्टनमध्येच निर्माण केले व देशातील उत्तम स्थानिक केंद्रांत या केंद्राची गणना होऊ लागली. परवाना मिळविण्यासाठी त्यांनी वकिलांवर व वर्षांवर पुष्कळ खर्च केला असेल. जनतेच्या खजिन्यात मात्र त्याची किंमत म्हणून काही भरावे लागले नव्हते. तो त्यांना गुणांवर मिळाला होता. १९८१ साली त्याच मंडळींनी हे केंद्र मेट्रोमीडियास २२ कोटी डॉलरांना विकण्याचा करार केला. एका केंद्राला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती. गुणांवर दिलेली वस्तू किमतीवर पुढे गेली. यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. १९५२ च्या दुरुस्तीने ते सर्व नियमात बसत होते.

याच सुमारास कारभाऱ्याची दृष्टीही पालटली. १९८१ साली अध्यक्षपदी आलेले मार्क फाउलर दूरचित्रवाणी संचाला चित्रे दाखविणारा टोस्टर म्हणत. इतर घरगुती उपकरणांना लागू होणारा बाजाराचा न्याय तोच त्यालाही पुरेसा आहे, असे त्यांचे मत होते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. केंद्र घेतल्यावर किमान तीन वर्षे ते विकू नये, असा १९६२ चा नियम १९८२ साली रद्द झाला. परवान्यांचा सट्टा होऊ नये म्हणूनच तो केलेला होता. एका मालकाकडे सातांहून अधिक केंद्रे नसावीत ही मर्यादाही पुढे बारांपर्यंत वाढविण्यात आली. वहिवाटीचा बाजार भरण्यास आता कोणतीच अडचण राहिली नाही.

१९८४ साली क्लुगी यांनी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेस मेट्रोमीडियाचे समभाग भागधारकांकडून घेऊन कंपनी खाजगी केली. पैसा मुख्यतः कर्जाचा होता. कर्ज फेडावयाचे म्हणजे मालमत्ता सुटी करून विकणे आले. पुढच्याच वर्षी सहा केंद्रे रूपर्ट मर्डॉक यांना सुमारे १५५ कोटींस आणि बोस्टनचे केंद्र हर्स्ट कंपनीस ४५ कोटींस देण्याचे ठरले. पाठोपाठ नभोवाणी केंद्रे, जाहिरातफलकांचा धंदा, बिनतारी दूरध्वनी, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा बास्केटबॉलचा चमू आणि बर्फावरील नृत्याचा तमाशाही विकला गेला. १९८९ साली फोर्ब्स मासिकाने क्लुगी यांना अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत मनुष्य ठरविले.

परकीयाला परवाना देता येत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात जन्मलेले मर्डॉक ४ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेचे नागरिक झाले. एकाच शहरात वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी केंद्र एका हाती असू नये, असा नियम १९७५ पासून होता; न्यूयॉर्क व शिकागो येथे त्यांची पत्रे होती, म्हणून ती विकण्यास मुदत देण्यात आली. नोव्हेंबरात आयोगाची संमती मिळाली आणि १९८६ च्या मार्चपर्यंत व्यवहार पुरा झाला. बोस्टनमध्ये काय घडले तेही पाहा. वर्तमानपत्राच्या हातून वाहिनी काढून ती स्थानिक नागरिकांना दिली होती. चौदा वर्षांत ती एका मोठ्या वृत्तपत्र-कंपनीकडे गेली, आणि ती कंपनीही तीच, जिने १९७२ साली ते पडलेले वर्तमानपत्र घेतले होते व १९८२ साली मर्डॉक यांना विकले होते.

दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. या सहा केंद्रांच्या पायावर १९८६ च्या ऑक्टोबरात फॉक्स हे चौथे जाळे उभे राहिले; ड्यूमाँट यांना जे साधले नाही ते त्यांच्याच जुन्या केंद्रांच्या साहाय्याने साधले, आणि प्रेक्षकांना निवडीस अधिक वाव मिळाला. बोस्टनचा स्थानिक बाणाही मालक बदलल्याने लयास गेला नाही. तेथे १९८२ साली सुरू झालेला ‘क्रॉनिकल’ हा दैनिक कार्यक्रम हर्स्टच्या अमदानीतही चालू राहिला. शिवाय, आपण उभे केलेले विकता येणार नसेल तर त्यात भांडवल कोण घालील, हा प्रश्नही पोकळ नाही.

परंतु यंत्रे, कौशल्य आणि नावलौकिक यांची किंमत घेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. हरकत आहे ती परवान्याच्या किमतीची. २२ कोटींस घेतलेले केंद्र चार वर्षांत ४५ कोटींचे झाले ते तेवढ्या अवधीत बोस्टनची सेवा दुपटीने वाढली म्हणून नव्हे. नियम सैल झाल्याने व कर्ज सुलभ झाल्याने गिऱ्हाइके वाढली म्हणून. ती वाढ ज्या लहरीच्या टंचाईतून निर्माण झाली ती लहर जनतेची. वाढीचा लाभ मात्र सर्वस्वी वहिवाटदाराचा. आणि जास्त किंमत देऊन आलेला नवा वहिवाटदार आधी आपले कर्ज पाहणार, मग शहर पाहणार, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. १९४५ चा नियम राहिला असता तर निदान विक्रीच्या वेळी शहरातील मंडळींना आयोगापुढे उभे राहून त्याच किमतीस आपणही घेतो, असे म्हणता आले असते.

आपणांसही हा विषय परका नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. लहरींवर सरकारची मक्तेदारी नसावी, तशीच मूठभर खाजगी धनिकांचीही नसावी, हा त्याचा भावार्थ. तत्त्व उत्तमच आहे. पण अमेरिकेतही तत्त्व १९३४ पासून तितकेच उत्तम होते. तिकडे २०१९ साली ट्रिब्यून कंपनीची केंद्रे नेक्स्टार कंपनीने घेतली, तेव्हा मर्यादेत बसण्यासाठी काही केंद्रे टेग्ना व स्क्रिप्स या कंपन्यांस विकण्यात आली. आणि २०२५ च्या ऑगस्टात त्याच नेक्स्टारने टेग्नाही सुमारे ६२० कोटी डॉलरांस घेण्याचा करार जाहीर केला.

मालकी कोणाची, हे कायद्याच्या पहिल्या पानावर लिहून भागत नाही. हस्तांतराचे कलम कसे लिहिले आहे, अर्जाच्या सुनावणीस कोणाला उभे राहता येते आणि कारभाऱ्याला कोणता प्रश्न विचारण्याची मुभा आहे, यांवर ती मालकी टिकते किंवा जाते. सार्वजनिक ठेव्याचा कारभार जेथे जेथे कोणाच्या हाती सोपविलेला असतो, तेथे तेथे लोकांनी दस्तऐवजाचे पहिले पान वाचून समाधान मानू नये. शेवटची कलमेही वाचावीत.