पाण्याचं सूत्र कसं ठरलं?

मागच्या व्याख्यानात आपण लव्हाझिएपर्यंत आलो होतो. पाणी हे मूलद्रव्य नाही, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग आहे, इथे थांबलो होतो. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. या दोन वायूंचे किती किती अणू एकत्र आले की पाण्याचा एक कण होतो?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, एच-टू-ओ! आपण शाळेत ते इतक्या लहानपणी पाठ करतो, की हे कधीकाळी कुणालाच माहीत नव्हतं असं मनातही येत नाही. प्रत्यक्षात हे ठरायला १८०८ ते १८६०, म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

सुरुवात जॉन डाल्टनपासून करू. विणकराचा मुलगा, मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून राहणारा, रोजच्या हवामानाची नोंद जन्मभर ठेवणारा माणूस. १८०८ मध्ये त्याने आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे असतात, हा त्याचा गाभा. आता वजन करायचं कसं? आजचे आकडे घेऊ. ९ ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. पण तराजू वजन सांगतो, संख्या सांगत नाही.

समजा, एका बंद पिशवीत लिंबं आणि नारळ आहेत. सगळ्या नारळांचं वजन सगळ्या लिंबांच्या आठपट आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. एका लिंबामागे एक नारळ असेल, तर नारळ लिंबाच्या आठपट जड. दोन लिंबांमागे एक नारळ असेल, तर सोळापट. कुठलं खरं? पिशवी न उघडता सांगता येत नाही, आणि अणूंची पिशवी कुणालाच उघडता येत नव्हती.

डाल्टनने एक कामचलाऊ नियम केला. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर ते एकास एक धरायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड सापडलं १८१८ मध्ये, त्यामुळे तेव्हा पाणी हे एकच संयुग समोर होतं. म्हणून डाल्टनचं पाणी एच-ओ. त्याला आपण हसू नये. आधार नसताना माणूस सर्वांत साधी गोष्ट धरून चालतो, तसंच त्यानं केलं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक वायूंची वजनं नव्हे, आकारमानं मोजत होता. त्याला आढळलं की दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापं वाफ होते. डाल्टनला हे पटेना, आणि त्याची अडचण खरी होती. प्रत्येक मापात कणांची संख्या सारखी असेल, तर ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांना पुरणार कसा? त्याचे दोन तुकडे करावे लागतील. अणूचे तुकडे कसे होतील?

१८११ मध्ये इटलीतल्या आमेदेओ ॲव्होगाड्रोने सांगितलं, होतात तुकडे, पण अणूचे नाही. वायूचा कण म्हणजे एकटा अणू नव्हेच, तो जोडीने असतो. तुटते ती जोडी.

मराठीत हे सांगणं किती सोपं आहे पाहा. रेणू तुटतो, अणू नाही. पण ॲव्होगाड्रोकडे असे दोन स्वच्छ शब्द नव्हते. तो एकाच शब्दाला वेगवेगळी विशेषणं लावत राहिला. आपल्याकडेही मराठी माध्यमातला मुलगा हिंदी पुस्तक उघडतो तेव्हा अडखळतोच, कारण आपला अणू तिथे परमाणु होतो आणि आपला रेणू तिथे अणु!

ॲव्होगाड्रोचं म्हणणं मान्य न होण्याचं कारण मात्र केवळ शब्द नव्हते. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळातला सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या मते अणू एकत्र राहतात ते धन आणि ऋण विद्युतप्रभारांमुळे. मग ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरून कसे राहतील? मिठासारख्या पदार्थांना त्याचा विचार छान लागू पडत होता. आणि आम्हाला वाटतं, त्याचा प्रश्न योग्यच होता. दोन सारखे अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, हे लुईसने १९१६ मध्ये सुचवलं. त्यामागचं गणित आलं १९२७ मध्ये. शंभर वर्षं आधी कोण काय उत्तर देणार?

दरम्यान गोंधळ वाढत गेला. फ्रान्समध्ये द्युमाने पारा, गंधक, फॉस्फरस यांच्या वाफांची घनता मोजली आणि आकडे कुणाच्याच हिशेबात बसेनात. १८३६ मध्ये तो इतका वैतागला होता, की आपल्या हाती असतं तर अणू हा शब्दच विज्ञानातून पुसून टाकला असता, असं व्याख्यानात म्हणाला. कुणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरी, कुणी १६. केक्युलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, वेगवेगळ्या लोकांनी वापरलेली १९ सूत्रं छापली. आम्ल एक, सूत्रं एकोणीस!

शेवटी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे शंभरावर रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे बोलायला उभा राहिला स्टॅनिस्लाओ कॅनिझारो. १८४८ च्या सिसिलीतल्या उठावात भाग घेतल्यामुळे देश सोडावा लागलेला, परत येऊन जिनोआमध्ये शिकवणारा प्राध्यापक. त्याने नवा प्रयोग केला नव्हता. विद्यार्थ्यांना ज्या क्रमाने शिकवायचा तो क्रमच त्याने मांडला.

त्याचं म्हणणं असं. एका पिशवीवरून कळत नसेल, तर पुष्कळ पिशव्या तोला. ॲव्होगाड्रो बरोबर होता असं धरा, आणि हायड्रोजन वायूच्या रेणूचं वजन २ माना. मग वाफेच्या घनतेवरून पाण्याचा रेणू येतो १८, अमोनियाचा १७, हायड्रोजन क्लोराइडचा ३६.५. आता प्रत्येकात हायड्रोजन किती ते पाहा. पाण्यात २, अमोनियात ३, हायड्रोजन क्लोराइडमध्ये १. अर्धा कुठेच नाही, दीड कुठेच नाही. म्हणजे हायड्रोजनचा अणू १, आणि पाण्यात असे अणू दोन. राहिलेला ऑक्सिजन १६. तोही कुठल्याच संयुगात १६ पेक्षा कमी भरत नाही, तेव्हा तो एक अणू. झालं एच-टू-ओ. द्युमाचा पाराही सुटला, कारण पाऱ्याच्या वाफेत अणू एकेकटेच असतात. सगळ्या वायूंचे रेणू जोडीनेच असले पाहिजेत असा काही नियम नाही.

परिषदेत अणू आणि रेणू वेगळे मानावेत यावर एकमत झालं, अणुभारांवर नाही. विज्ञानातल्या गोष्टी मतदानाने ठरवू नयेत, असंही बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. पण लोक निघता निघता कॅनिझारोच्या मित्राने त्याच्या १८५८ च्या लेखाच्या छापील प्रती वाटल्या. ॲव्होगाड्रोला हे पाहायला मिळालं नाही, तो १८५६ मध्येच वारला होता.

परिषदेला आलेल्यांमध्ये दोन तरुण होते. एक लोथार मायर, दुसरा हायडेलबर्गहून आलेला मेंडेलिव्ह. आता अणुभारांची एक भरवशाची यादी त्यांच्या हाती आली होती. तिचं त्यांनी काय केलं, ते पुढच्या व्याख्यानात. आता तुमचे प्रश्न घेऊ.