दुक्कर फियाट, वऱ्हाडचं ऊन आणि खारं पाणी

गेल्या वेळच्या व्याख्यानानंतर अमरावतीहून एका भगिनीचा प्रश्न आला. तिच्याकडे युरोपीय बनावटीची गाडी आहे, उन्हाळ्यात ती तापते, आणि ‘आपल्याकडे या गाड्या टिकतच नाहीत’ असं शेजारी सांगतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला गाडीचं काय विचारायचं, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न कार्यकारणाचा आहे, त्यामुळे आमच्या हद्दीतला आहे. आणि तो जुनाही आहे. आमच्या घरात तो १९६२ सालीच येऊन गेला.

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. देशात मोटारींचा कारखाना काढायचा त्यांचा खटाटोप १९३०च्या दशकापासूनचा. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली १९४४ साली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद गेले. त्याच वर्षी फियाटनं ‘११००’चं नवं मॉडेल युरोपात बाजारात आणलं आणि पुढच्या वर्षी ते कुर्ल्यातून निघू लागलं. सरकारचं धोरण असं होतं की, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथं गाडी बनवावी, नाहीतर जावं. जनरल मोटर्स गेली, फियाट राहिली. म्हणजे इटलीतल्या तुरिनची गाडी आपल्याकडे राहिली ती निवडीनं कमी, धोरणानं जास्त. हे विसरू नये. गिऱ्हाइकाला फियाट, अँबेसेडर आणि पुढे मद्रासची हेरल्ड एवढंच दिसत होतं, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. गाडी आवडली नाही तर बदलायची, ही सोयच नव्हती. तिच्याशी जुळवून घ्यायचं.

या पहिल्या मॉडेलचं पुढचं नाकाड पाहून आपल्या लोकांनी तिला ‘दुक्कर फियाट’ म्हटलं. पुढची दारं उलटी उघडत. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, अकोल्यात ती जुनी घेतली होती.

१९६२चा मे महिना. मूर्तिजापूरला दिलेल्या आमच्या आत्याचे दिवस भरले होते, नाडी ठीक लागेना, म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. अप्पा, आई, आम्ही आणि ड्रायव्हर अकोल्याहून निघालो. आत्याला घेतलं. कुरूमच्या अलीकडे लग्नाच्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या रस्त्यात आडव्या आल्या. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलो. गाड्या गेल्या, पण आमची काही सुरू होईना. अप्पा म्हणाले, पेट्रोलात भेसळ आहे. वऱ्हाडातला एक म्हातारा म्हणाला, बॅटरी बसली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, पंपाला बोट लावून झटक्यात मागे घेतलं आणि म्हणाला, “सायेब, पंप तापला. पेट्रोलची वाफ झाली. फडकं अन् थंड पानी द्या.”

थंड पाणी एका सुरईतच होतं आणि ते आत्यासाठी होतं. विहीर जवळ होती, पण त्या पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या. आईनं आत्याकडे पाहिलं. आत्याच म्हणाली, “द्या वहिनी, मले तहान नाही.” होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

आता इथं जरा थांबू, कारण ड्रायव्हरचं निदान बरोबर कसं, ते पाहण्यासारखं आहे. पेट्रोल म्हणजे एकजिनसी द्रव नव्हे. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात. टाकी मागे, पंप पुढे, इंजिनच्या अंगालाच बसवलेला. तो पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, म्हणजे वाफ आणखी लवकर होते. आणि पंप द्रव ओढण्यासाठी असतो, वाफ ओढली की तो नुसताच हलत राहतो. गाडी धावत असताना पंखा, वारा आणि फिरतं पाणी उष्णता नेतात. थांबलो की हे सगळं बंद, पण इंजिनची धग तशीच, ती पंपात चढते. म्हणून गाडी चालताना नाही, चहाला थांबल्यावर दगा देते. बाहेर पंचेचाळीस अंश असतील तर विचारूच नका.

पण फडक्यानं पंप थंड झाला की नुसत्या वेळेनं? आमच्या शास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. फडकं आहे तर गाडी सुरू होते, हा अन्वय. फडकं नाही तर होत नाही, हा व्यतिरेक. दुसरा तपासल्याशिवाय पहिल्यावर भिस्त ठेवू नये. सावलीत अर्धा तास उभी केली तरी ती सुरू होते, म्हणजे फडकं वेळ वाचवतं, एवढंच. त्या दिवशी वेळच वाचवायची होती. आणि पौषातल्या थंडीत पहाटे गाडी बंद पडली तर फडकं गुंडाळणं ही अंधश्रद्धा. तेव्हा ठिणगी पाहायची, पॉइंट पाहायचे.

दुसरं दुखणं अस्सल आपलं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा असा पसरलाय. तिथलं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला गंज खातो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना उकळणाऱ्या कितीतरी गाड्यांचं मूळ गावच्या विहिरीत होतं. लोक मात्र घाटाला दोष देत. तापल्या इंजिनात भसकन थंड पाणी ओतून ब्लॉक तडकवणारेही पाहिले. थांबायला कोणी तयार नसतं.

या फियाटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तुरिनची गाडी इथं जवळजवळ सत्तर वर्षं टिकली, आणि शेजारी म्हणतात टिकत नाही! टिकवणारे मिस्त्री होते. ते गाडी कानानं तपासत.

आताच्या युरोपीय गाडीत पंप टाकीत असतो, तो दाबानं पेट्रोल ढकलतो, त्यामुळे वाफेचा तो त्रास जवळपास गेला. दुरुस्ती केंद्रात संगणक एक क्रमांक दाखवतो आणि त्यावरून पूर्ण सुटा भाग बदलतात. आमच्याच गाडीचा एक महागडा भाग असा बदलला गेला, दोष निघाला एका सैल जोडणीत. क्रमांक लक्षण सांगतो, कारण माणसानं शोधायचं. बिल देण्याआधी विचारा: हा भाग बिघडलाय, हे कशावरून ठरवलं?

ज्यांच्याकडे जुनी फियाट अजून आहे त्यांनी पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. आताच्या पेट्रोलात इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही.

राहिली प्रश्न विचारणारी भगिनी. ती त्या रात्री अमरावतीत जन्मलेली आमची आतेबहीणच. व्याख्यानात विचारायला संकोच वाटला म्हणून तिनं नंतर फोन केला, “दादा, टाकीतलं पाणी कमी झालंय. नळाचं घालू का?” आम्ही म्हटलं, बोअरचं नाही, नळाचंही नाही. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघड. आणि पातळी पुन्हा महिन्याभरात उतरली तर पाणी घालत बसू नकोस, ते जातंय कुठं ते आधी बघून घे.