वनविद्या शिक्षण व वनसेवा, भारतातील

वनांचे संवर्धन, संरक्षण व उपयोजन यांचे शास्त्रीय शिक्षण म्हणजे वनविद्या शिक्षण. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अभ्यासावर आधारलेल्या भारतातील जुन्या व्यवसायांत वनसेवेची गणना होते. इतर अनेक क्षेत्रांत आधी विद्या आणि मग व्यवसाय असा क्रम दिसतो; येथे मात्र आधी पदे निर्माण झाली व त्या पदांच्या गरजेनुसार शिक्षणाची रचना करण्यात आली. या रचनेचा परिणाम आजही जाणवतो.

जहाजबांधणीसाठी सागवान व पुढे लोहमार्गांसाठी शिळेपाटे यांची मागणी वाढल्याने एकोणिसाव्या शतकात वनांची मोठी तोड झाली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६४ मध्ये शासकीय वनविभाग स्थापन होऊन डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पहिले वन महानिरीक्षक झाले. त्या काळी ब्रिटनमध्ये वनविद्येची शिक्षणसंस्था नसल्याने निवडलेल्या उमेदवारांना फ्रान्स व जर्मनीत पाठविण्यात येई. त्यांपैकी फ्रान्समधील नान्सी येथील विद्यालय विशेष प्रसिद्ध होते. १८८५ मध्ये हे शिक्षण इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे सुरू झाले. ब्रांडिस यांच्यानंतरचे महानिरीक्षक विल्यम श्लिख यांनी तेथे अध्यापन केले. १९०५ मध्ये हा अभ्यासक्रम ऑक्सफर्डला नेण्यात आला.

वरिष्ठ पदांसाठी यूरोपात शिक्षण देण्यात येत असताना दुय्यम पदांसाठी भारतात सोय करण्यात आली. ब्रांडिस यांच्या प्रयत्नाने १८७८ मध्ये डेहराडून येथे वन विद्यालय निघाले व तेथे प्रामुख्याने वनक्षेत्रपाल तयार होऊ लागले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १८८० मध्ये कृषी व वनविद्या यांचे वर्ग जोडण्यात आले आणि संस्थेस ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असे नाव मिळाले. पुढे त्यातील वनविद्येचा अभ्यासक्रम बंद पडला. या व्यवस्थेत धोरण व कार्य आयोजना वरिष्ठांकडे आणि प्रत्यक्ष वनातील काम वनक्षेत्रपाल, वनपाल व वनरक्षक यांच्याकडे अशी विभागणी रूढ झाली.

वरिष्ठ सेवेसाठीचे शिक्षण १९२६ मध्ये डेहराडूनला सुरू झाले, परंतु १९३२ मध्ये ते थांबले. १९३८ मध्ये तेथे भारतीय वन महाविद्यालय स्थापन झाले. भारतीय वनसेवा ही अखिल भारतीय सेवा १९६६ मध्ये अस्तित्वात आली, तर १९८७ मध्ये या महाविद्यालयास इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमी हे नाव देण्यात आले.

राष्ट्रीय कृषी आयोगाच्या १९७६ च्या अहवालानंतर वनविद्या विद्यापीठांत आली. १९८० नंतरच्या दशकात कृषी विद्यापीठांतून पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथे हे शिक्षण मिळते. तथापि भारतीय वनसेवेची परीक्षा वनविद्येच्या पदवीधरांबरोबरच वनस्पतिविज्ञान, प्राणिविज्ञान, भूविज्ञान, गणित, भौतिकी, रसायन, सांख्यिकी, कृषी, पशुवैद्यक व अभियांत्रिकी यांच्या पदवीधरांनाही खुली आहे. वनविषयक प्रशिक्षण निवडीनंतर मिळते. त्यामुळे वनविद्येची पदवी आणि वनखात्यातील पद यांची थेट सांगड बसलेली नाही व पदवीधरांना आपला मार्ग अन्य क्षेत्रांतही शोधावा लागतो.

ही क्षेत्रे क्रमाने वाढली आहेत. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. डेहराडून येथे १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण व १९८२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, तर भोपाळ येथे १९८२ मध्ये भारतीय वन व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. वन्य जीवांची गणना, उपग्रह चित्रांवरून मोजणी, रोपवाटिका, कागद व प्लायवुड उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांत अशा जाणकारांना वाव आहे.

वनहक्क अधिनियमाने (२००६) आणखी एक दिशा दाखविली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला व पुढे ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. अशा ग्रामसभांना वनाची मोजणी, तोडीचे चक्र, पुनरुत्पादन व हिशेब यांचे ज्ञान लागते; ग्रामस्थांना वनाची पिढीजात माहिती असतेच. वनविद्येचे शिक्षण दीर्घकाळ शासकीय पदांसाठी घडले. ग्रामसभेला उपयोगी पडेल असा जाणकार घडविणे आणि त्याच्या उपजीविकेची तरतूद करणे, हे कार्य मात्र अद्याप पुरे झालेले नाही.