करारावरचे शिक्षक

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत ‘ब्रिटिश कौन्सिल’ हें नांव ग्रंथालयामुळें परिचित आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या व १९४० सालीं राजसनद मिळालेल्या या संस्थेचें काम परदेशांत इंग्रजी भाषेचा व ब्रिटिश संस्कृतीचा परिचय करून देणें हें होय. पुस्तकें, परीक्षा आणि व्याख्यानें यांतच रमलेल्या संस्थेच्या इतिहासांत प्राणसंकटाचा अध्याय असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. काबुलांत मात्र तो घडला.

१९ ऑगस्ट २०११ हा अफगाणांच्या स्वातंत्र्याचा दिवस. त्याच दिवशीं तालिबानांनीं संस्थेच्या काबुल येथील आवारावर हल्ला केला. ब्रिटिश नांवाशीं संबंध ठेवणें किती धोक्याचें आहे, हें यानंतर कोणास निराळें सांगावयास नको होतें. तरीहि अफगाण शिक्षक वर्गांवर जात राहिले. कचेरींतला कारकून निदान भिंतीआड असतो. शिक्षकाला चारचौघांदेखत उभें राहावें लागतें, आणि त्याचा चेहरा सबंध गांवाच्या ओळखीचा होतो.

एप्रिल २०२१ मध्यें ब्रिटिश सरकारनें आपल्यासाठीं काम केलेल्या अफगाणांना आश्रय देण्याची योजना सुरू केली. १५ ऑगस्टला काबुल पडलें. संस्थेच्या पगारपत्रकावरील नोकर बहुतेक बाहेर काढण्यांत आले. परंतु शंभराच्या आसपास शिक्षक मागें राहिले. कारण काय, तर ते नोकर नव्हते, ठेकेदार होते! ठेकेदार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रस्त्यावर खडी टाकविणारा इसम उभा राहतो. येथें ठेकेदार म्हणजे फळ्यापुढें उभा राहून क्रियापदें शिकविणारा गरीब मास्तर, किंवा मास्तरीणबाई. करारपत्रांतील हा भेद लंडनच्या हिशेबनिसास कळत असेल. दारावर येणाऱ्या बंदूकधाऱ्यास तो कोठून कळावा?

पुढें जानेवारी २०२२ मध्यें दुसरी योजना उघडली, आणि तिच्या तिसऱ्या वाटेंत या शिक्षकांचा नांवानिशीं उल्लेख आला. पहिल्या वर्षासाठीं त्या वाटेंत जागा १,५००. त्यांतच कुटुंबीय, दुसऱ्या एका ब्रिटिश कचेरीचे पहारेकरी आणि ब्रिटिश शिष्यवृत्तीचे जुने विद्यार्थी. अर्जांची मुदत २० जून ते १५ ऑगस्ट २०२२, म्हणजे काबुलच्या पतनास बरोबर एक वर्ष होईपर्यंत! अर्ज गेले, उत्तरें महिनोगणती येईनात. शिक्षक घरें बदलीत लपून राहिले. पार्लमेंटांतील कांहीं सभासदांनीं आणि संस्थेच्या जुन्या ब्रिटिश सहकाऱ्यांनीं हा प्रश्न लावून धरला नसता, तर तो दप्तरांतच विरला असता, असें मला वाटतें.

मंजुरी मिळालेल्यांची वाट बहुधा पाकिस्तानांतून जात असे. तेथेंहि मुक्काम लांबले. २०२३ च्या ऑक्टोबरांत, पाकिस्तान परवान्याशिवाय राहणाऱ्या अफगाणांना घालवूं लागल्यावर, विमानें पुन्हा सुरू झालीं. पोहोंचलेल्यांना कायम वास्तव्याची परवानगी मिळे. नागरिकत्वाचा अर्ज मात्र त्या भूमीवर पांच वर्षें काढल्यावरच करतां येतो. अफगाणिस्तानांत परदेशी नांवाखालीं काढलेलीं वर्षें या हिशेबांत धरलीं जात नाहींत.

१ जुलै २०२५ रोजीं दोन्ही योजना नव्या अर्जांसाठीं एकाएकीं बंद झाल्या.