फॉर्म भरण्याचा परवाना

आमची दांडी मिठाची नव्हे. ती गुजरातेत, नवसारीकडे. आमची पालघर तालुक्यातली. बोईसर स्टेशनला उतरून समुद्राच्या दिशेनं सुटलं की लागते. तरीही मुंबईच्या पाहुण्यांना 'दांडीहून आलो' म्हटलं की ते आदरानं सावरून बसतात, आणि आम्हीही त्यांचा गैरसमज लगेच दूर करत नाही. गांधीजींनी १९३० साली मीठ उचललं ते १८८२ च्या कायद्याविरुद्ध. समुद्र सगळ्यांचा, पण त्याचं मीठ करायचं तर सरकारचा परवाना पाहिजे, असा तो कायदा. आमच्या वाट्याला मिठाऐवजी शेजारची तारापूरची एमआयडीसी आली, आणि तिच्या मागोमाग फॉर्म आले. म्हणून हा इतिहास फॉर्मचा. प्रश्न मात्र मिठाच्याच जातीचा आहे: माहिती दुसऱ्याला हवी, ती आहे आपली, आणि देण्यासाठी परवाना आपणच विकत घ्यायचा की काय?

तसे फॉर्म भरण्याला पैसे पूर्वीही पडत. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट, कराराला स्टँप पेपर. १८९९ च्या मुद्रांक कायद्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. कागद विकणारा परवानाधारक असे. कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसलेला अर्ज लिहिणाराही आपलं लायसन असल्यासारखाच तोऱ्यात असे. पण एक मान्य केलं पाहिजे. पेन कुठल्या कंपनीचं, हे साक्षात इंग्रज सरकारनंही विचारलं नाही. बोरू, टाक, शाईचं पेन, बॉलपेन, काहीच नसेल तर डाव्या हाताचा अंगठा! कचेरीला सगळं चालायचं.

हे सौजन्य फॉर्म कॉम्प्युटरात शिरल्यावर संपलं. मायक्रोसॉफ्टनं २००३ साली 'इन्फोपाथ' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. एकानं फॉर्म आखायचा, बाकीच्यांनी भरायचा. कल्पना छान. फक्त भरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही इन्फोपाथच पाहिजे, तेही रीतसर लायसन्ससकट. म्हणजे ज्या पेनानं रेघा मारल्या त्याच कंपनीचं पेन घेऊन या, मग नाव लिहा! शिवाय हे पेन साध्या ऑफिसच्या डब्यात नसे; बड्या गिऱ्हाइकांच्या आवृत्तीत असे, नाहीतर वेगळं विकत घ्यायचं. २००७ साली हा फॉर्म ब्राउझरातून भरायची सोय झाली, तर तिथे माणशी 'कॅल' नावाचा प्रवेश-परवाना आला. २०१० साली सॉफ्टवेअरचेच दोन भाग पडले, 'डिझायनर' आणि 'फिलर'. भरणाऱ्याला स्वतंत्र पदवी मिळाली. फुकट प्रवेश नाहीच.

साधारण त्याच काळातली गोष्ट. आमच्या दांडीचे एक नाना बोईसरला लेथ चालवतात. एका बड्या कंपनीकडून त्यांना ईमेलनं पुरवठादाराचा फॉर्म आला: नाव, पत्ता, सेल्सटॅक्स नंबर, बँक. तीन दिवसांत भरून पाठवा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. वर्षभराचं काम होतं ते. आणि फॉर्म काही उघडेना. त्याला लागणारं सॉफ्टवेअर नानांकडे नव्हतं, आणि घ्यावं तर पहिल्या महिन्याचा नफा त्यातच जात होता. भाचा म्हणाला, "मामा, मुंबईहून चोरीची सीडी आणतो, पन्नास रुपयांत काम." नानांनी ऐकून ठेवलं होतं की कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं नवं कलम आलंय: चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. पत्ता सांगायला तुरुंगात कशाला जायचं, असं म्हणून नाना सरळ कंपनीत गेले.

"साहेब, कागदावर लिहून देतो."

"कागद नको. फॉर्म सिस्टीमधूनच यायला पाहिजे."

"माहिती तुम्हाला हवी, आणि ती सांगायचे पैसे मी भरायचे?"

साहेब म्हणाले, "पॉलिसी आहे."

शेवटी खरेदी खात्यातल्या एका कारकुनाला दया आली. त्यानं आपल्या टेबलावर तो फॉर्म उघडला, नानांनी उभ्याउभ्या सांगितलं आणि त्यानं टाइप केलं. बघा, कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा एअरकंडिशनमध्ये पुन्हा जन्माला आला की नाही! दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाखाली सुक्या बोंबलांचं पुडकं पोचलं. एअरकंडिशन बंद ठेवून खिडक्या उघडाव्या लागल्या म्हणतात.

सरकारी खात्यांना खाजगी कंपन्यांपेक्षा जास्त अक्कल असते, असं लिहायची वेळ क्वचित येते, म्हणून लिहूनच टाकतो. केंद्राच्या कंपनी खात्यानं २००६ साली 'एमसीए-२१' सुरू करून कंपन्यांचे फॉर्म पीडीएफमध्ये आणले. ते भरायला ॲडोबचा फुकटातला रीडर पुरे होई. फुकटच्या रीडरात फॉर्म भरून जतन करायची परवानगी ॲडोबवाले फॉर्ममध्येच घालू देत, आणि तिचे पैसे फॉर्म काढणाऱ्यानं मोजायचे. विचारणाऱ्यानं खर्च करावा, सांगणाऱ्यानं सांगावं. (डिजिटल सही मात्र पदरच्या पैशानं घ्यायची, एवढं कौतुक सरकारलाही झेपत नाही.) प्राप्तिकर खातं मात्र कित्येक वर्षं आपला फॉर्म एक्सेलच्या फाइलीत देत होतं. जोडीला जावाचा पर्याय होता, पण आमच्याकडे तो ऐकून लोक एक्सेलच बरं म्हणायचे.

जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की इन्फोपाथची २०१३ ची आवृत्ती शेवटची. आता नुसती लिंक येते, कुठल्याही ब्राउझरात उघडते, दमडी लागत नाही. परवा नानांना अशीच एक आली. सगळं भरून झालं. शेवटी पार्टच्या ड्रॉइंगची फाइल जोडा म्हणाले, आणि फाइल जोडायची तर गूगलचं खातं हवं. खातं होतं, भाच्यानं उघडून दिलेलं. पासवर्ड भाच्याला ठाऊक, आणि भाचा दुबईला.

नानांनी बोंबील बांधायला घेतले.